पलटणीतून घरी आल्यावर: सरकारी भरती, डीएससी, गार्ड की वावर?

यवतमाळ-बुलढाण्याकडचा जवान 17 वर्षं काढून घरी येतो तेव्हा वय असतं 36-37. पेन्शन सुरू होते, पण पोरांची शिक्षणं पुढेच असतात. अमेरिकेत सेवेत अपंगत्व आलेल्या माजी सैनिकाची रोजगार-पुनर्वसन योजना वर्षातून एकदा तरी त्याला सोबत घेऊन तपासायची, गरज पडली तर नव्यानं आखायची, असं कायद्यातच आहे. आपल्याकडे आरक्षण आहे, कोर्स आहेत. फेरविचार मात्र ज्याचा त्यानं करायचा. म्हणून कोणती वाट आधी धरायची, हे महत्त्वाचं.

सरकारी भरती सगळ्यात फायद्याची. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण, केंद्रात गट क मध्ये 10 टक्के. सरकारी बँकांच्या लिपिक भरतीत 14.5 टक्के, पण त्यातले 4.5 अपंग माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबीयांसाठी. केंद्राच्या 1979 च्या नियमांनुसार सेवेची वर्षं वयातून वजा होतात, वर कमाल वयोमर्यादेत 3 वर्षांची सूट. म्हणजे 17 वर्षं सेवा झालेल्या 37 वर्षांच्या जवानाचं वय 20 धरलं जातं. पंधरा वर्षं सेवा झालेला दहावी पास फौजी गट क मधल्या पदवीच्या बऱ्याच राखीव जागांनाही चालतो.

मेख पुढे आहे. केंद्राच्या नियमात एकदा नागरी सरकारी नोकरीवर रुजू झालात की पुढच्या भरतीसाठी हे आरक्षण संपतं. रुजू होण्याआधी भरलेले अर्ज तेवढे वाचतात, तेही रुजू होताच त्यांची तारीखवार यादी कार्यालयाला लिहून दिली तर. मिळाली ती शिपायाची जागा धरण्याआधी बाकीचे अर्ज भरून ठेवा.

खासगी गार्ड किंवा कंत्राटी काम केल्यानं हे आरक्षण जात नाही. अभ्यास चालू असताना घर चालवायला ठीक. पण बारा तासांच्या ड्युटीनंतर पुस्तक उघडणारे थोडेच. आठ तासांची पाळी आणि पीएफ मिळत असेल तरच घ्या.

डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, लष्करी ठिकाणांची राखण करणारं माजी सैनिकांचं दल) म्हणजे पुन्हा वर्दी. पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ दिसतो म्हणून भुलू नका, पोस्टिंग देशात कुठेही लागते. घरच्यांसाठी परतला असाल तर ही वाट नको.

वावर कोरडवाहू असेल तर पेन्शनच्या एकरकमी पैशातून लगेच ट्रॅक्टर घेणं मला पटत नाही. कपाशी-सोयाबीनच्या भावावर हप्ते फेडणं कठीण. दोन हंगाम वावर मक्त्यानं द्या, तोवर परीक्षा देऊन पाहा. शेतीच करायची पक्की असेल, तर सेवेच्या शेवटच्या वर्षात संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा कोर्स निवडताना सोपा म्हणून सुरक्षा रक्षकाचा घेऊ नका. दुग्धव्यवसायासारखा वावराला जोड देणारा मागा. आणि गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा, भरती निघाली की सरकारी कार्यालयं तिथूनही नावं मागवतात.