थंडी-पावसात सायकल आणि कोरडे पाय: दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

हिवाळाभर कामाला सायकलनेच जायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी कुरकुर सुरू केली ती पायाच्या बोटांनी. अंगात दहा मिनिटांत ऊब येते, पाठीला घामही सुटतो, पण बोटं बधिर ती बधिरच. गेले दोन हिवाळे या एका दुखण्यावर बरेच पैसे आणि त्याहून जास्त डोकं खर्च झालं आहे. शून्य ते दहा अंशांची हवा, बऱ्याचदा ओला रस्ता आणि एका बाजूला पाऊण-एक तासाचा प्रवास, एवढ्यात काय टिकलं नि काय नाही ते लिहितो. कंपन्यांची नावं घेत नाही. एकाच प्रकारच्या दोन वस्तूंत फरक थोडाच असतो, पण प्रकारच चुकीचा निवडला तर कितीही भारी वस्तू घेतली तरी पाय गारच.

मुळात सायकलवर पाय जास्त का गारठतात? चालताना पाऊल वाकतं, तळव्याचे स्नायू हलतात, रक्त फिरत राहतं. पेडलवर मात्र ताठ सोलच्या बुटात पाऊल जवळपास स्थिर असतं आणि सगळा दाब चवड्यावर. त्यात वारा थेट बोटांवर. हवा 5 अंशांवर असेल आणि ताशी 25 किलोमीटरचा वारा लागत असेल, तर उघड्या कातडीला ती साधारण शून्य अंशासारखी लागते. शरीराला गारठा जाणवला की ते पोटाछातीची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. आणि वर ओल. पाणी हे स्थिर हवेपेक्षा सुमारे 25 पट सहजतेने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे मोजा भिजला की खेळ खलास. पुढे जे लिहितो आहे त्यातलं निम्मं तरी थंडीपेक्षा ओलीबद्दल आहे ते यासाठी.

खरेदीला निघण्याआधी एक फुकटचं काम करा. ओल्या रस्त्यावरून घरी आलात की मोजा लगेच धुवायला टाकू नका, आधी तो कुठे ओला आहे ते चाचपून बघा. बोटं आणि चवडा ओला, घोट्याशी कोरडा, म्हणजे पाणी समोरून किंवा सोलमधून आलं. घोटा आणि टाच ओली, बोटं त्या मानाने बरी, म्हणजे पाणी पोटरीवरून ओघळत वरून आत शिरलं. बूट बाहेरून कोरडा आणि मोजा सगळीकडे सारखा दमट, म्हणजे तो पाऊस नाही, घाम आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही. घामाने ओल्या होणाऱ्या पायांवर आणखी एक वॉटरप्रूफ थर चढवला तर ते जास्तच भिजतात.

आता पहिला प्रकार, कारण बहुतेकांचा तोच असतो. पायावर आभाळातून पडतं त्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पुढच्या चाकावरून येतं. पाऊस थांबून तासभर झाला तरी रस्ता ओला असेपर्यंत ते येतच राहतं. साधं मडगार्ड चेहरा वाचवतं, पाय नाही, कारण बहुतेक मडगार्डं मागच्या बाजूला फार वर संपतात आणि चाकाने उचललेलं पाणी त्या कडेखालून सरळ बुटांवर येतं. त्यावर इलाज म्हणजे लांब मडफ्लॅप, मडगार्डच्या खालच्या टोकाला लटकणारी पट्टी. जमिनीपासून चार-पाच बोटं वर राहील इतका लांब, आणि खाली थोडा पसरट. विकतचा मिळतो, नाहीतर जाड पण लवचिक प्लास्टिकचा किंवा रबराचा तुकडा कापून दोन स्क्रूंनी बसवता येतो. कडक प्लास्टिक नको. फुटपाथवरून सायकल उतरवताना ते घासतं आणि एक दिवस मडगार्डसकट तुटतं. माझ्याकडच्या सगळ्या सामानात हा फ्लॅप सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी. एक गोष्ट घ्यायची असेल तर हीच घ्या, बाकीचं नंतर.

दुसरी वस्तू निओप्रीनचे शू कव्हर, म्हणजे बुटावरून चढवायचे मोजेवजा आवरण, साधारण 4 मिलिमीटर जाडीचे. निओप्रीन म्हणजे बंद बुडबुड्यांचा रबरी फोम. त्या बुडबुड्यांत अडकलेला वायू ऊब धरून ठेवतो आणि वारा आत येत नाही. पहिल्या हिवाळ्यातला माझा बहुतेक प्रवास यांच्यावर झाला. ऊब चांगली, पण शिवणी चिकटवलेल्या नसतील तर लांबच्या पावसात तिथून पाणी झिरपतंच. चढवण्याची एक रीत आहे: आधी नुसतं कव्हर पोटरीपर्यंत ओढून घ्यायचं, मग बूट घालून बंद करायचा आणि मग कव्हर खाली बुटावर ओढून मागची चेन (झिप) लावायची. बूट घालून झाल्यावर वरून कव्हर चढवायला गेलात तर ओल्या निओप्रीनशी पाच मिनिटं झटापट होते आणि चेनवर ताण येऊन ती लवकर जाते. माझ्या कव्हरची चेन दुसऱ्या हिवाळ्याच्या मध्यावर दात सोडू लागली. तळाच्या पट्ट्या तर त्याआधीच फाटल्या होत्या, कारण सायकल लावून दारापर्यंत चालत जावंच लागतं आणि खरखरीत जमिनीवर तळाचं कापड टिकत नाही. चालणं जास्त असेल तर तळाला जाड रबर असलेलं कव्हरच बघा.

वरून येणारं पाणी अडवायला वेगळी खरेदी लागत नाही, फक्त क्रम पाळायचा. पँटचा काठ कव्हरच्या बाहेरून आला पाहिजे. काठ आत खोचला की पोटरीवरून ओघळणारं सगळं पाणी थेट मोज्यात जातं. कौलं कशी रचतात, वरचं खालच्यावर, तसंच इथे. पावसाळी पँटचा पायघोळ काठ सायकलच्या चेनमध्ये अडकत असेल तर त्यावरून रुंद वेल्क्रो पट्टी बांधा.

सोलमधून येणारी थंडी हा मात्र फसवा प्रकार. क्लिपलेस पेडलच्या, म्हणजे ज्यात बूट अडकून बसतो अशा पेडलच्या बुटात क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) बसवायला सोलला भोकं असतात, आणि क्लीटचे स्क्रू आत धातूच्या पट्टीत घुसतात. म्हणजे चवड्याच्या बरोबर खाली, जिथे दाब सगळ्यात जास्त, तिथेच गार धातू. खाली चिखल-पाणी असलं की ओलही तिथूनच आत येते. इनसोल उचलून बघा, तिथे गंजाचा तपकिरी डाग दिसेल. मी आतून ती जागा जाड चिकटपट्टीने दोन थरांत बंद केली आणि मूळ इनसोल काढून लोकरी फेल्टचा घातला. फरक लगेच जाणवला. फक्त जाड इनसोलने बुटातली जागा कमी होते, हे लक्षात ठेवून बूट घ्यावा.

जागेवरून आठवलं. दोन-दोन मोजे घालायची सवय असेल तर आधी बूट एक नंबर मोठा घ्या, नाहीतर एकच मोजा बरा. घट्ट बुटात दुसरा मोजा कोंबला की हवेचा थर जातो, रक्ताचा प्रवाह दबतो आणि पाय आधीपेक्षा जास्त गारठतात. बूट बांधल्यावर आत बोटं मोकळी वळवता आली पाहिजेत. नाडी किंवा पट्टा थंडीच्या दिवशी एक घर सैलच ठेवा.

मोज्यांत मेरिनो (मेंढीच्या एका जातीच्या मऊ) लोकरीला तोड नाही. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते, तरी हाताला फार ओली लागत नाही, आणि ओली झाली तरी थोडी ऊब देते. सुती मोजे घालून थंडीत बाहेर पडू नका, एवढंच त्यांच्याबद्दल.

वॉटरप्रूफ मोज्यांकडून माझ्या बऱ्याच अपेक्षा होत्या. आत-बाहेर विणलेलं कापड आणि मध्ये पाणी अडवणारा पडदा, अशी त्यांची रचना. अर्ध्या तासाच्या प्रवासाला ठीक आहेत. पण वरून पाणी शिरलं की तोच पडदा ते बाहेर जाऊ देत नाही आणि पाय मोज्यातल्या डबक्यात उभा राहतो. शिवाय बाहेरचं कापड भिजतं, ते वाळेपर्यंत पाय गारच वाटतो, आत पाणी नसलं तरी. रात्रभरात ते आतून सुकतीलच याची खात्री नाही. कपाटात पडून आहेत.

दुसऱ्या हिवाळ्यात आतून पडदा असलेले, घोट्यापर्यंत येणारे हिवाळी बूट घेतले. कव्हरची रोजची झटापट संपली, हे त्यांचं सगळ्यात मोठं सुख. पाच अंशांच्या वर मेरिनो मोजा आणि हे बूट पुरतात, त्याखाली वरून कव्हरही लागतं. तोटा एकच पण मोठा: एकदा आत पाणी गेलं की ते सुकायला दुसरा दिवस उजाडतो. सुकवताना वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. पहिला बोळाच बहुतेक पाणी ओढतो, तो तसाच ठेवला तर बूट दमटच राहतो. हीटरवर ठेवायचा मोह आवरा, सोलचा गोंद सुटतो. कव्हर उलटं करून गार पाण्याने धुवा आणि सावलीत टांगा. न धुतलेल्या निओप्रीनचा वास दुसऱ्याच आठवड्यात घरात भांडण लावतो.

रासायनिक वॉर्मरचं, म्हणजे पायाला ऊब देणाऱ्या चिकटवायच्या पुड्यांचं थोडं. त्यातली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि त्यातून उष्णता निघते. घट्ट कव्हरच्या आत हवाच नसल्यामुळे ते अर्धवट कोमट राहतात. पाकीट निघायच्या पंधरा मिनिटं आधी उघडून मोज्याच्या वर, बोटांवर चिकटवले तर बरं चालतात. कातडीवर थेट नको. फार थंडीच्या दिवशी मी पातळ मोजा, त्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर लोकरी मोजा असंही करतो. घाम आतच राहतो, पाय ओलसर होतो, पण वरचा लोकरी मोजा कोरडा राहतो आणि ऊब टिकते. तासाभरापुरतंच. त्यानंतर कातडी भिजून पांढरी पडते.

बोटं अगदीच बधिर झाली तर उतरून पाच मिनिटं सायकल हातात धरून चाला, कुठल्याही वॉर्मरपेक्षा लवकर रक्त परततं. उतार आला की हे हमखास लागतं, कारण पेडल थांबतं आणि वारा वाढतो. घरी आल्यावर बधिर पाय कडक पाण्यात घालू नका. पाणी किती गरम आहे ते तेव्हा पायाला कळतच नाही आणि कातडी भाजू शकते. थोड्याशा गारठ्यातही बोटं पांढरी-निळी पडत असतील तर सामान बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या हिवाळ्याआधी कव्हर नवीन घेणार आहे, रबरी तळाचं आणि चेनऐवजी रुंद वेल्क्रोचं. वेल्क्रोत चिखल भरतो हे खरं, पण तो जुन्या टूथब्रशने निघतो. तुटलेली चेन रस्त्यात दुरुस्त होत नाही.