सोलापुरातील सायकलमार्ग: हीटमॅप की स्थानिक सायकलस्वार?

सोलापुरात नव्याने आलेल्या सायकलस्वाराला मार्ग शोधण्यासाठी स्ट्राव्हा या फेऱ्या नोंदवणाऱ्या अ‍ॅपचा हीटमॅप किंवा स्थानिक सायकलस्वारांचा सल्ला घेता येतो. इतरांनी नोंदवलेल्या सार्वजनिक फेऱ्या एकत्र करून हीटमॅप अधिक वापरातले रस्ते ठळक दाखवतो. मात्र ठळक रेघ म्हणजे सुरक्षित रस्ता नव्हे, कारण राष्ट्रीय महामार्गही तितकाच उजळ दिसू शकतो. गाळप हंगामात उसाच्या, मागे दिवे नसलेल्या ट्रॉल्या पहाटेच्या अंधारात कोणत्या रस्त्यावर असतात, तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावाकडे केव्हा निघावे, उन्हाळ्यात किती वाजता परतावे आणि वाटेत पाणी कोठे मिळेल, हे तिथे नियमित सायकल चालवणाराच सांगू शकतो, आणि अनोळखी भागात हीच माहिती मला अधिक मोलाची वाटते. अंतर आणि चढ मात्र नकाशावरच मोजावेत.