आत्ता फिरून घ्यायचं, रिटायर झाल्यावर, की थोडं थोडं करत? पस्तिशी ते पन्नाशीतल्यांसाठी

हा वाद पस्तिशी-चाळिशीतल्या बहुतेक घरांत कधी ना कधी होतोच, एक जण म्हणतो आधी होमलोन फिटू दे मग निवांत फिरू, दुसरा म्हणतो लोन फिटेपर्यंत मुलं आपल्याबरोबर यायची बंद होतील, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर असतं. म्हणून तिन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवून बघते. इथे फिरणं म्हणजे नुसती सहल नाही बरं का, आयुष्यात जे जे करायचं म्हणून मनात ठेवलंय ते सगळं, मग ती वारी असेल, हिमालय असेल नाहीतर आईला काशीला नेणं असेल.

पहिला रस्ता आपल्या आई-वडिलांचा, आधी कमवा, साठीनंतर फिरा. याला आजकाल सगळे नावं ठेवतात पण हिशोबात हा रस्ता हरत नाही. आज 4 लाखांची युरोप ट्रिप असेल तर 6 टक्के महागाईने 20 वर्षांनी तीच साधारण 12 लाख 80 हजारांना पडेल. तेच 4 लाख 7.1 टक्क्यांनी, म्हणजे पीपीएफच्या सध्याच्या दराने वाढले तर 20 वर्षांत पावणेसोळा लाखांच्या घरात जातात. म्हणजे थांबल्यामुळे पैशाचं नुकसान होतं असं नाही, ट्रिप करून वर 3 लाख उरतात. शिवाय साठीनंतर बॉसला विचारावं लागत नाही, दिवाळीच्या महागड्या सीझनमध्येच जावं लागत नाही, हे पण मोठं सुख आहे.

पण पैसा थांबतो, शरीर थांबत नाही. सरकारी नोकरीत रिटायर होताना 300 दिवसांपर्यंतच्या अर्जित रजेचे पैसे मिळतात म्हणून लोक जपून जपून रजा साठवतात. 300 दिवस म्हणजे दहा महिने हो! आमच्या शेजारचे काका असेच पूर्ण 300 शिल्लक ठेवून रिटायर झाले, रक्कम चांगली मिळाली, मग काकूंना घेऊन कर्नाटकात बदामीची लेणी बघायला गेले. काकू शाळेत इतिहास शिकवायच्या, चालुक्य, दुसरा पुलकेशी, सगळं मुलांना रंगवून सांगायच्या. पण तोपर्यंत गुडघे गेलेले. पहिल्या लेण्याच्या पायऱ्या कशाबशा चढल्या आणि तिथेच बसल्या, तिसऱ्या लेण्यातला तो शेषावर बसलेला विष्णू, इ.स. 578 चा, काकांनी व्हिडिओ काढून खाली आणून दाखवला. काकू आजही त्या व्हिडिओचं कौतुक करतात, पण मला विचाराल तर त्या दहा महिन्यांतले चार दिवस वीस वर्षं आधी वापरले असते तर त्या स्वतः त्याच्यासमोर उभ्या राहिल्या असत्या. ही गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितलीय आणि सांगत राहणार.

काही ठिकाणी तर वयाची अट कागदावरच आहे. सरकारतर्फे होणाऱ्या कैलास मानसरोवर यात्रेला 18 ते 70 वय लागतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 25 च्या आत लागतो आणि दिल्लीत मेडिकल होतं. म्हणजे साठीला रिटायर झालात तर हातात दहाच वर्षं, तीही तब्येत धडधाकट असली तर. आणि म्हातारपणी रेल्वे स्वस्तात पडेल असंही धरून चालू नका, पूर्वी पुरुषांना 60 नंतर 40 टक्के आणि बायकांना 58 नंतर 50 टक्के सवलत होती ती मार्च 2020 मध्ये बंद झाली. एसटीत मात्र आहे, 65 ते 75 अर्धं तिकीट, 75 नंतर फुकट, महाराष्ट्रात फिरायला ते खूप कामाचं आहे.

(हे लिहिताना वारीतल्या आज्या डोळ्यासमोर येतात. सत्तरीच्या बायका आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालतात. तेव्हा साठी झाली म्हणजे संपलं असं अजिबात नाही. पण त्या जन्मभर शेतात चालल्यात, आपण खुर्चीत बसलोय, हा फरक आहे.)

दुसरा रस्ता, आत्ताच सगळं करून घ्यायचं. यात अंगात ताकद असते, कळसूबाईच्या शिड्या चढून 1646 मीटरवर पोचल्यावर पण पोरांबरोबर दंगा करायचा दम असतो. आणि मुलांचं वय! हे कुणी नीट मोजत नाही. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत त्याला फारसं काही लक्षात राहत नाही, नववीत गेलं की क्लास सुरू, दहावीच्या वर्षी कुठेच जायचं नाही, अकरावी-बारावीत सीईटी, नीट नाहीतर जेईई, आणि त्यानंतर ते मित्रांबरोबर जातं. दोन मुलांत चार वर्षांचं अंतर असेल तर नववी ते बारावी एकापाठोपाठ करत आठ वर्षं घर जागेवरच. म्हणजे सगळ्यांनी मिळून लांब जाण्याची खरी वर्षं मोजकीच, दुसरी-तिसरी ते आठवी, आणि नेमकी तीच आपली लोन फेडण्याची वर्षं असतात.

या रस्त्याचा धोका सरळ आहे, लोक कर्ज काढून फिरतात. 3 लाखांचं पर्सनल लोन 14 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतलं तर महिन्याला सव्वादहा हजारांचा हप्ता, एकूण जवळजवळ 3 लाख 69 हजार जातात. तेच आधी महिन्याला 8 हजारांची आरडी, म्हणजे दरमहा ठेव, 3 वर्षं लावली, साडेसहा टक्के धरले, तर 3 लाख 17 हजारांच्या पुढे जमतात. ट्रिप तीच, महिन्याचा भार सव्वादोन हजारांनी कमी आणि परत आल्यावर डोक्यावर काही नाही. क्रेडिट कार्डची थकबाकी ठेवून फिरण्याबद्दल तर बोलायलाच नको, तिथे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्याही पुढे जातं. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल आणि मेडिक्लेम नसेल तर आधी ते करा, हे मी कळकळीने सांगते, कारण चाळिशीनंतर पॉलिसी घेतली आणि बीपी-शुगर आधीच असेल तर त्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

तिसरा रस्ता तुकड्यातुकड्याचा, आणि मी स्वतः याच बाजूची आहे. नर्मदा परिक्रमेचंच बघा. परंपरेप्रमाणे पायी करायची तर 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवस, चातुर्मासात एका जागी मुक्काम, नदी ओलांडायची नाही. नोकरीवाल्या माणसाला हे कुठून जमणार? पण लोक खंड परिक्रमा करतात, दरवर्षी सुट्टीत एक टप्पा चालायचा, पुढच्या वर्षी तिथूनच पुढे. आणि ज्याला तेही जमत नाही तो चैत्रात गुजरातमध्ये तिलकवाड्याजवळची उत्तरवाहिनी परिक्रमा करतो, ती एका दिवसात होते. वारीचंही तसंच, अख्खी जमत नसेल तर लोक आळंदी ते पुणे चालतात नाहीतर पुणे ते सासवड, दिवेघाट चढून. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर एलटीसी (फिरायला जाण्याचा प्रवासखर्च सरकार देतं ती सवलत) घेताना दरवेळी 10 दिवसांची अर्जित रजा विकता येते, नोकरीभरात 60 दिवसांपर्यंत, आणि ती त्या 300 मधून वजा होत नाही. तरीही कितीतरी जण ब्लॉक, म्हणजे ती वापरायची ठरलेली मुदत, संपेपर्यंत एलटीसी वापरतच नाहीत.

पण याचीही खोट सांगायला हवी. दिवेघाट एक दिवस चढणं म्हणजे वारी नाही, सगळी वारी चाललेले लोक सांगतात की पहिले चार-पाच दिवस ऑफिस डोक्यातून जातच नाही, मग कुठे चाल लागते. लांब प्रवासातली ती गोष्ट तुकड्यांत मिळत नाही. आणि दुसरं म्हणजे थोडं थोडं म्हणता म्हणता सगळं लाँग वीकेंडवर येऊन थांबतं, दर वर्षी तेच महाबळेश्वर, एक्स्प्रेसवेच्या घाटात दोन तास ट्रॅफिक, हॉटेल दुप्पट रेटने, आणि मनातलं लेह तसंच मनात. तुकड्यांना आधीपासून ठरवलेला क्रम हवा, नाहीतर तो रस्ता या तिघांत सगळ्यात फसवा आहे.

मग ठरवायचं कसं? मी म्हणते सगळ्या आयुष्याचा निर्णय एकदम घेऊच नका, एकेक इच्छा घेऊन बघा ती कशावर अडलीय. गुडघ्यांवर अडली असेल, हरिश्चंद्रगड, हिमालयातला ट्रेक, कैलास, तर आत्ता, पन्नाशीच्या आत. नुसत्या पैशावर अडली असेल, युरोप, क्रूझ, तर खुशाल ढकला, पैसे वाढतील आणि तिथे फारसं चढायचंही नसतं. वेळेवर अडली असेल, अख्खी परिक्रमा, अख्खी वारी, तर ती रिटायर झाल्यावरची, पण तोपर्यंत दर वर्षी एक टप्पा चालत राहा म्हणजे पाय तयार राहतील. रायगडासारखं ठिकाण असेल तर घाई नाही, रोपवे आहे. आणि माणसावर अडली असेल तर बाकी सगळं मागे ठेवा. आई-वडील सत्तरीच्या पुढे असतील आणि त्यांच्या मनात काशी किंवा रामेश्वर असेल तर लोन, बोनस, प्रमोशन, कशाचीच वाट बघू नका, याच थंडीत न्या, कारण या एका बाबतीत पुढच्या वर्षी जाऊ हे उत्तर मला तरी पटत नाही. लेहचं पुढच्या वर्षी केलं तरी चालतं.

बावन्न-त्रेपन्नचे असाल, मुलीचं लग्न समोर आणि पीएफ सोडून फार काही साठलेलं नाही, तर तुमच्यासाठी पहिलाच रस्ता जास्त बरोबर, त्यात कमीपणा काही नाही. फक्त रोज चालणं सुरू ठेवा आणि रजेतले वर्षाला चार-पाच दिवस तरी वापरा.

आणि आई-बाबांचं तिकीट काढणार असाल तर, नोव्हेंबर 2024 पासून रिझर्व्हेशन 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला तयार बसा. दोघांचं तिकीट तुमच्या मोठ्या ग्रुपमध्ये घालू नका, वेगळं काढा, लोअर बर्थ किंवा सीनियर सिटिझन कोटा एकट्या किंवा दोघांच्या बुकिंगलाच मिळतो. तुमचं तिकीट त्याच गाडीत, शक्यतो त्याच डब्यात घ्या. थंडीतल्या काशीच्या गाड्या लवकर भरतात.