स्वस्त बेस गिटारच्या चाव्या: दुरुस्त कराव्यात की बदलाव्यात?

बेस सुरात राहत नाही, नव्या चाव्या (तार ताणून सूर लावायच्या कळा) घेऊ की आहेत त्याच नीट करू, असं एका मित्राने विचारलं. आधी तार बघा. खुंटीला जेमतेम एकच वेढा असेल किंवा नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत तार अडकत असेल, तर नव्या चाव्या लावूनही सूर उतरणारच.

खर्चात दुरुस्तीला तोड नाही. उघड्या गिअरच्या चावीत दातेरी चाकाच्या मधोमध एक स्क्रू असतो. तो पाव फेरा आवळला की बरीच ढिलाई जाते. चावीचे स्क्रू लाकडात सैल झाले असतील तर भोकात टूथपिक आणि लाकडाचा गोंद पुरे. मात्र दाते झिजले किंवा दांडा वाकला असेल, तर दुरुस्ती टिकत नाही.

बदलण्यात खरी मेहनत मोजमापाची: भोकाचा व्यास, स्क्रूंच्या जागा, डावी-उजवी बाजू. यात चुकलात तर ड्रिल हातात घ्यावं लागतं. वजनही बघा, हलक्या चाव्यांनी गळ्यात अडकवलेल्या बेसची मान कमी झुकते. खांद्याला तो मोठा आराम आहे.

एकच चावी बिघडली असेल तर दुरुस्त करा. चारही झिजल्या असतील आणि बेस रोज वाजत असेल, तर पूर्ण संच घ्या.