हार्ट अटॅक की कार्डिअ‍ॅक अरेस्ट?
दोन्ही एकच समजतात लोक, पण तसं नाहीये. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी नळी ब्लॉक होते, माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, बोलतो, घामाने भिजतो, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं म्हणतो, मग त्याला बसवा, लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, चालवत नेऊ नका.
अरेस्टमध्ये हृदयाची इलेक्ट्रिक सिस्टिमच बिघडते, माणूस धाडकन कोसळतो, हाक मारली तरी ओ देत नाही, कधीकधी नुसते आचके देतो आणि बघणाऱ्याला वाटतं श्वास चालू आहे, इथेच वेळ जातो हो! अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध ५-६ सेंमी खोल, मिनिटाला १००-१२० वेळा दाबत राहा, शॉक मशीन (हृदयाला विजेचा झटका देणारं AED यंत्र) मिळेपर्यंत थांबू नका. अटॅकमधूनही अरेस्ट होऊ शकतो, म्हणून पेशंटला एकटं सोडायचं नाही.