मेनोनाइट पूर्वजांचा शोध: जुने नकाशे की वंशावळी?

आजच्या पोलंडमधील व्हिस्टुला नदीच्या मुखाकडील प्रदेशातून आजच्या युक्रेनमध्ये येऊन मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1789 मध्ये नीपरकाठी खोर्तित्सा आणि 1804 मध्ये मोलोच्ना नदीकाठी मोलोच्ना या वसाहती स्थापल्या. तेथील कुटुंबाचा माग काढताना सुरुवात वंशावळीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. या पंथात बाप्तिस्मा जाणतेपणी घेतला जात असल्याने मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) नोंदवहीत जन्म आणि बाप्तिस्मा यांच्या तारखांत बहुधा वीसेक वर्षांचे अंतर दिसते, आणि माणूस तरुणपणी कुठल्या मंडळीत होता हेही त्यातून कळते. अडचण नावांची आहे: पेनर, विन्स, फ्रीसन अशी मोजकीच आडनावे आणि पिढ्यानपिढ्या तीच ती पाळण्यातली नावे, त्यामुळे एकाच गावात दोन योहान पेनर सहज सापडतात.

तिथे नकाशा कामी येतो. एकाच लांब रस्त्याच्या दुतर्फा आखलेली घरे आणि काही नकाशांत प्रत्येक जागेवर लिहिलेले मालकाचे नाव पाहिले की कोणता योहान कोणाचा शेजारी होता, हे उलगडते. मात्र नकाशा एका काळापुरताच बोलतो. शिवाय ब्लूमनऑर्ट हे गावनाव मोलोच्नातही आहे, कॅनडातील मॅनिटोबातही आणि मेक्सिकोतही, म्हणून नकाशाचे वर्ष आधी तपासावे.