सहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण, आठ महिन्यांनंतर

मार्चमध्ये प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा ऑफिसात मी म्हटलं, "चला, पुन्हा पिशवी, पॅड आणि पेन." जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ती म्हणून माझं हे सहावं वर्ष. आधीच्या तीन प्रशिक्षणांच्या पिशव्या अजून भाजी आणायला कामी येतात. हे चौथं. संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांची पुढची तुकडी व्हायची आहे आणि माझं कंत्राटही वाढायचं आहे.

पहिले दोन दिवस कायद्याचे. बाल न्याय कायदा २०१५, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो २०१२, मग २०२१ ची दुरुस्ती, म्हणजे दत्तकाचे आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले ती. वक्ते पडद्यावरची कलमं वाचत होते, आम्ही मोबाइलवर तीच उघडून बसलो होतो. एवढं घरी बसूनही झालं असतं.

दुसऱ्या दिवशीचा शेवटचा दीड तास मात्र मी विसरलेले नाही. येताना आपापला एक गृहचौकशी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरी जाऊन केलेल्या पाहणीचा, नावं खोडून आणायला सांगितलं होतं. एक ज्येष्ठ वकीलबाई ते मोठ्याने वाचायला लागल्या. माझा आला: 'आईची वागणूक संशयास्पद. घर अस्वच्छ. बालकास संस्थेत ठेवणे हिताचे.' बाईंनी चष्मा काढला. "संशयास्पद म्हणजे तुम्ही नेमकं काय पाहिलंत? किती वाजता गेला होतात? आई भेटली का?"

आई भेटली नव्हती. सकाळी अकरा वाजता खुरपणीला गेलेली बाई घरी कशी भेटेल? सगळी माहिती शेजारणीची. बाल न्याय कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणीला १५ दिवस मिळतात. मी एका दुपारपर्यंत चार घरं उरकली होती, कारण गाडी त्याच दिवशी मिळाली होती. बाल कल्याण समितीने त्या कागदावर निर्णय घेतला आणि ते मूल दहा महिने बालगृहात राहिलं. जेवणाच्या रांगेत त्या दिवशी मी कुणाशी बोलले नाही.

तेव्हापासून अहवाल लिहिताना पानाच्या मधोमध रेघ मारते. डावीकडे पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं, आणि ऐकलं असेल तर कुणाकडून. निदान एक भेट संध्याकाळी, चूल पेटायच्या वेळेला. सुरुवातीला समितीत "एवढं लांबण कशाला" असं ऐकावं लागलं. हल्ली तिथूनच विचारणा होते, "हे पाहिलंय की ऐकलंय?"

चौथ्या दिवशी नाटुकली. प्रशिक्षक ताई बारा वर्षांची मुलगी झाल्या आणि गप्प बसल्या. सात मिनिटांत मी चौदा प्रश्न विचारले, त्यातले नऊ 'का' असलेले. शाळेत का जात नाहीस, आईला का सांगितलं नाहीस. मागे बसलेला सहकारी रेघा ओढून मोजत होता. आपल्याकडे मुलांना 'का' फक्त ओरडतानाच ऐकू येतो, हे मला स्वतःची मुलगी असूनही सुचलं नव्हतं.

जुलैमध्ये एका घरी गेले. मुलगी उंबऱ्यात मेथी निवडत होती. मीही बसले, एक जुडी ओढून घेतली. बराच वेळ बोलणं झालं ते एवढंच, की देठ किती ठेवायचे. माझे लांब राहात होते, तिने दोनदा मोडून दाखवले. मग मान खाली घालूनच म्हणाली, "दिवाळीनंतर उसाच्या फडावर मी नाही जाणार. मला इथंच द्यायचं ठरलंय." गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, त्यांना लगेच कळवलं. पुढचं लिहीत नाही. मुलाची ओळख उघड करायला बंदी घालणारं बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे, आणि गाव फारच लहान आहे.

आता रुसवे. सगळी उदाहरणं शहरातली, स्टेशनवर सापडलेलं मूल नाहीतर वस्तीतलं. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पोरं आईबापांबरोबर तरी जातात किंवा आजीपाशी राहतात. त्यांची गृहभेट कुणी आणि कुठे करायची, असं विचारलं तर "चांगला मुद्दा" म्हणून चहाची सुट्टी झाली. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचे नवे कर्मचारीही आमच्यातच बसवले होते. त्यांचं काम फोनवरून सुरू होतं, आमचं चुलीपुढे, सत्र दोघांना एकच. आणि एका सहकारणीचं आठ महिन्यांचं बाळ सहा दिवस वर्गाच्या मागच्या सतरंजीवर होतं. बालसंगोपनाच्या प्रशिक्षणात पाळणा नव्हता.

आमच्या स्वतःच्या मनाला अर्धा तास मिळाला: डोळे मिटा, समुद्र आठवा. पोक्सोच्या केसमध्ये चिमुरडीबरोबर दिवसभर थांबून घरी आल्यावर समुद्र आठवत नाही, भाकरी उतरत नाही. मानसिक बाजू नीट शिकायची असेल तर बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा 'संवाद' उपक्रम आहे, त्यांची सत्रं ऑनलाइनही असतात.

प्रशिक्षणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत होती: महिन्यातून एकदा केसचर्चा. आठ जण, मोबाइलवर, साहेब कुणीच नाही. अडलेली केस मांडायची, बाकीच्यांनी सल्ला न देता आधी प्रश्न विचारायचे. पाचव्या महिन्यात चर्चा घेणाऱ्या ताईंचंच कंत्राट संपलं आणि ते बंद पडलं. आता आम्ही पाच जण रविवारी संध्याकाळी आपापलं चालवतो. एक जण रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून बसते.

जाणार असाल तर जरूर जा, मात्र सोबत आपला चांगला अहवाल नेऊ नका, सगळ्यात घाईत लिहिलेला न्या. जेवण उत्तम. प्रवासभत्त्याचं बिल अजून आलेलं नाही.